जीपने काशीला : नागपूर ते संकठा घाट

काशीला गेलेला मराठी माणूस दशाश्वमेधावर स्नान करतो, विश्वनाथाचे दर्शन घेतो, मणिकर्णिकेला लांबूनच हात जोडतो आणि परततो. मणिकर्णिकेच्या उत्तरेला शिंदे घाट ओलांडला की संकठा घाट लागतो. तो बहुतेकांचा पाहायचा राहूनच जातो. वास्तविक हा सारा टापू आपल्या माणसांच्या खुणांनी भरलेला आहे. अलीकडे शिंद्यांचा घाट, पलीकडे गंगामहाल आणि त्याला लागून नागपूरकरांचा भोसले घाट.

संकठा घाटाच्या बांधणीशी बडोद्याच्या राजघराण्याचे नाव जोडले जाते. पुढे १८२५च्या सुमारास बेनीराम पंडित यांच्या विधवा पत्नीने, लोक तिला ‘पंडिताइन’ म्हणत, हा घाट पक्का करून घेतला असे सांगतात. बेनीराम पंडित हे नागपूरकर भोसल्यांचे वकील. १७८१मध्ये राजा चेतसिंगाशी बिनसल्यावर वॉरन हेस्टिंग्जला काशीतून निघून चुनारचा किल्ला गाठावा लागला. त्या धांदलीत बेनीराम आणि त्यांचे बंधू विश्वंभर पंडित त्याच्या मदतीला होते. त्यांनी त्याला एक लाख रुपयेही देऊ केले होते.

घाटाच्या वर गल्लीत संकटादेवीचे देऊळ आहे. नावाप्रमाणे ही संकटे निवारणारी देवी. शुक्रवारी इथे बायकांची रीघ असते. यमेश्वर आणि यमादित्य यांची स्थानेही याच घाटावर आहेत, म्हणून भाऊबीजेला, म्हणजे यमद्वितीयेला, इथे स्नानाचे महत्त्व.

आमच्या सासूबाईंना या देवीला नारळ वाहायचा होता. आगगाडीची तिकिटे मिळत नव्हती. तेव्हा धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, आपण जीपनेच जाऊ. रस्ता काय, आपल्या दारातूनच जातो!”

जुना सात नंबरचा रस्ता

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ कित्येक वर्षे काशीहून निघून रीवा, जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर करीत कन्याकुमारीला पोहोचत असे. २,३६९ किलोमीटरचा हा रस्ता तेव्हा देशातला सर्वांत लांब महामार्ग होता. २०१०मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या क्रमांकांत वाटले गेले. तरी जुने ट्रकवाले अजून ‘सात नंबर’च म्हणतात. सिवनीपर्यंत सागाची राने, जबलपूरला नर्मदा, पुढे कटनी, मैहर, रीवा आणि मग विंध्याचा उतार उतरून मिर्झापूरला गंगा. डोळ्यांना थकवा येत नाही असा हा रस्ता आहे.

भाऊजींची जीप जुनी, चारही चाके ओढणारी. निघण्याआधी आठवडाभर ती गॅरेजमध्ये होती. पुढच्या आणि मागच्या ‘लॉक’ची बटणे त्यांना स्वतंत्र करून घ्यायची होती. जाऊबाईंना हा खर्च मुळीच पसंत नव्हता. “आहे ते बटण चालतंय ना? मग तारा कशाला उसकटायच्या?” असा त्यांचा सवाल. मलाही त्यातले काही कळत नव्हते. सिवनीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा भाऊजींनी मुलांना उभे करून तो विषय समजावून दिला.

बाहेरचे चाक जास्त धावते

चार मुलांनी हातात हात धरून एका रांगेत गोल फिरायचे. आतला मुलगा जागच्या जागी वळतो, बाहेरच्याला मात्र पळावे लागते. गाडीच्या चाकांचेही तसेच. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल आणि गाडीने एक पूर्ण गोल घेतला, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेनऊ मीटर जास्त धावते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली तर वळणावर टायर रस्त्यावर घासत राहतील. म्हणून दोन चाकांच्या मधे दातेरी चक्रांचा एक गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. तो चाकांना कमी-जास्त वेगाने फिरू देतो आणि जोर मात्र दोघांना सारखाच देतो.

खोड इथेच आहे. एक चाक चिखलात सापडले की त्याला फिरायला जोरच लागत नाही. मग दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. चिखलातले चाक भिरभिरते, कोरड्यावरचे स्वस्थ बसते आणि गाडी जागची हलत नाही. काळ्या मातीत रुतलेला ट्रॅक्टर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. ट्रॅक्टरवाला अशा वेळी टाचेजवळचा एक पेडल दाबतो, दोन्ही चाके एक होतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. हेच ते लॉक.

भाऊजींच्या जीपला पुढे आणि मागे अशी दोन लॉक आहेत, दोन्ही हवेच्या दाबावर चालणारी. एक छोटा कॉम्प्रेसर हवा भरतो आणि बटण दाबले की विजेवरची झडप उघडून लॉक बसते. नेहमीच्या जोडणीत पुढच्या बटणाला वीज मागच्या बटणातून मिळते. म्हणजे आधी मागचे लॉक, मगच पुढचे. फक्त पुढचे लावायचे म्हटले तर लागत नाही. ही रचना उगाच केलेली नाही. पुढचे लॉक लावले की स्टिअरिंग जड होते, ते आपोआप सरळ होत नाही, आणि चाके पूर्ण वळवून जोर दिला तर सांधा तुटू शकतो. म्हणून नवख्याच्या हाती ते सहज लागू नये, अशी ही सोय आहे.

गॅरेजवाल्याने केले एवढेच. पुढच्या बटणाची तार मागच्या बटणातून काढून थेट कॉम्प्रेसरच्या मुख्य बटणाकडे नेली, तिला वेगळा फ्यूज दिला आणि प्रत्येक लॉकला एकेक दिवा लावला, मागच्याला हिरवा, पुढच्याला लाल. दिवा दिसला नाही तर लॉक लागलेले विसरून माणूस डांबरी रस्त्यावर निघतो आणि ॲक्सल मोडून बसतो. “तार बदलणं सोपं आहे वहिनी,” भाऊजी म्हणाले, “कोणतं कधी सोडायचं ते कळणं अवघड.”

रीव्याच्या पुढचा उतार

त्याचा प्रत्यय रीवा सोडल्यावर आला. एका मोरीचे काम चालू होते, म्हणून वाहतूक शेतातल्या कच्च्या वाटेने वळवली होती. रात्री पाऊस होऊन गेलेला. वाट डावीकडे कललेली, आणि डाव्या अंगाला पाण्याने भरलेला खोल चर. मधोमध आल्यावर जीप थांबली. मागचे डावे चाक नुसतेच फिरत होते.

भाऊजींनी मागचे लॉक लावले. मागची दोन्ही चाके फिरली, पण गाडी पुढे जाण्याऐवजी तिची शेपूट वीतभर चराकडे सरकली. जाऊबाईंनी डोळे मिटले. भाऊजींनी लगेच पाय उचलला. “सगळे उजवीकडून उतरा. आईला आधी.” सासूबाई उतरल्या, पण मांडीवरचा नारळ त्यांनी काही सोडला नाही.

असे का झाले, ते त्यांनी नंतर सांगितले. कललेल्या निसरड्या जागी मागची दोन्ही चाके एकदम घसरली की गाडीला बाजूने धरून ठेवायला मागे काहीच उरत नाही, आणि शेपूट उताराकडे जाते. लॉक नसते तेव्हा एक चाक फिरते, पण दुसरे निदान जमिनीला धरून असते. म्हणून त्यांनी मागचे लॉक सोडले. हिरवा दिवा विझला, लाल लागला. सर्वांत खालच्या गिअरात, पुढची चाके जरा चढाकडे वळवून, त्यांनी जीप अगदी मुंगीच्या पावलाने सोडली. नाक वर ओढले गेले, मागचा भाग मुकाट्याने मागून आला. चाळीस-पन्नास पावले गेल्यावर कोरडी जमीन लागली. तिथे थांबून त्यांनी पहिल्यांदा लाल दिवा विझवला, मग घाम पुसला.

जुन्या जोडणीत हे जमले नसते. मागचे सोडले की पुढचेही सुटले असते. जाऊबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मिर्झापूर आल्यावर एवढेच म्हणाल्या, “पैसे वाया गेले नाहीत म्हणायचे.”

ज्यांना असे करून घ्यायचे असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी आपली गाडी काय देते ते पाहावे. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढच्या आणि मागच्या लॉकसाठी हाताने ओढायच्या दोन वेगळ्या दांड्या मिळाल्या आहेत, तिथे तारांचा प्रश्नच नाही. २०२१मध्ये पुण्याजवळ रांजणगावला जिची जुळणी सुरू झाली त्या जीप रँग्लरच्या रुबिकॉन प्रकारात मात्र आधी मागचे, मग दोन्ही, असा क्रम आहे, आणि तो गाडीचा संगणक सांभाळतो. अशा नव्या गाडीत ब्रेक आणि तोल सांभाळणारी यंत्रणा त्याच संगणकाशी बांधलेली असते. तिथे तारांना हात लावणे म्हणजे विम्यापासून वॉरंटीपर्यंत सगळ्यालाच हात लावणे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मर्यादाही घातल्या आहेत, म्हणून आरटीओत आधी विचारून घ्यावे. आणि एवढे करूनही, कोरड्या पक्क्या रस्त्यावर दोन्ही लॉक सुटलेलीच हवीत.

घाटावर

काशीत जीपचा उपयोग मैदागिनपर्यंत. पुढे गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून बैल आला तर माणसाने ओट्यावर चढायचे. संकठा घाटापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात. वाटेत विचारायला संकोच करू नये, ‘संकटाजी’ म्हटले की लहान मूलही रस्ता दाखवते.

आम्ही गेलो ते ऑक्टोबरचे दिवस. पूर ओसरल्यावर गंगा पायऱ्यांवर गाळाचा जाड थर ठेवून जाते. पंपाच्या पाण्याने तो धुऊन काढण्याचे काम चालू होते. या दिवसांत वयस्कर माणसांना घाटाच्या कडेकडेने नेऊ नये. गल्लीतून वरच्या वर देवळात न्यावे, दर्शन करवावे, आणि पाण्यापर्यंत उतरायचेच असेल तर धुतलेल्या पायऱ्या पाहूनच उतरावे. एक पाय घट्ट टेकल्यावर दुसरा उचलावा. सासूबाईंना दोघांनी धरून आम्ही असेच उतरवले.

नारळ वाहून झाल्यावर आम्ही नाव केली. काशीतल्या पुष्कळ नावांची डिझेल इंजिने २०२१पासून सीएनजीवर नेली गेली, त्यामुळे नदीवरचा धूर कमी झाला आहे. पण आमच्या नावाड्याची नाव वल्ह्यांचीच होती. बांधलेल्या नावांच्या गर्दीतून बाहेर पडताना त्याने डावे वल्हे पाण्यात रोवून धरले आणि उजवे जोराने ओढले. नाव जागच्या जागी वळली. मोकळ्या पाण्यात आल्यावर दोन्ही वल्ही सारखी चालू लागली. भाऊजी टक लावून पाहत होते. मुलांना म्हणाले, “पाहिलंत? याची दोन बटणं पहिल्यापासूनच वेगळी आहेत!”

काठावरून पुढे सरकताना आधी शिंदे घाटाचे पाण्यात झुकलेले रत्नेश्वराचे देऊळ दिसले. परतताना नाव उत्तरेकडे नेली तेव्हा भोसले घाटाची उंच दगडी भिंत उन्हात तांबूस झाली होती. नागपूरहून येणाऱ्याने ती अवश्य पाहावी. दोनशे वर्षांपूर्वी आपली माणसे बैलगाड्या, मेणे आणि घोडे घेऊन त्याच वाटेने इथवर आली. दगड रचून गेली आणि पायऱ्या आपल्यासाठी ठेवून गेली. गाडी कितीही चांगली असली तरी त्या पायऱ्या पायीच उतराव्या लागतात.