जामीन मंजूर, तरी मुलगा तुरुंगातच

वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना पुस्तकाबाहेर काढून प्रत्यक्ष काम करावयास लावतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे असे काम करावे लागते, त्याची रोजनिशीही ठेवावी लागते. बरीच मुले एखाद्या बड्या वकिलाच्या कचेरीत फायली उचलून हे आठवडे भरतात. आमच्या वस्तीत मात्र एका विधी महाविद्यालयाची मुले रविवारी विहाराशेजारच्या खोलीत टेबल मांडून बसतात. आम्ही मंडळाचे कार्यकर्ते त्यांना चटई, चहा आणि माणसे पुरवतो!

पहिले दोन रविवार गंमतच झाली. एका मुलीने धुणीभांडी करणाऱ्या बाईंना विचारले, "तुमच्या तक्रारीचे कारण नेमके कोणत्या दिनांकास उद्भवले?" बाई म्हणाल्या, "हो बाई." पुढच्या प्रश्नालाही "हो बाई." गरीब माणूस शिकलेल्यासमोर सगळ्याला हो म्हणतो, कारण नाही म्हटले तर साहेब उठून जाईल ही भीती. मुलगी हुशार निघाली. तिसऱ्या रविवारी तिने वही मिटली आणि म्हणाली, "मावशी, पहिल्यापासून सांगा, मी ऐकते." तिथून खरे काम सुरू झाले.

त्या मावशींचा मुलगा मार्केटात हमाली करणारा. चोरीच्या आरोपावरून आत गेला. कोर्टाने १५ हजारांचा जामीन मंजूर केला, तरी पोरगा सुटेना. कोर्टात कोणीतरी सांगितले, "पंधरा हजार भरा." मावशींनी मणी गहाण टाकून सहा हजार जमवले होते. कोर्टाच्या पायरीवर एक इसम भेटला, तो चार हजारांत भाड्याचा जामीनदार आणून देणार होता. त्या पैसे देणार तोच रविवार आला.

मुलीने विचारले, "हुकमाचा कागद कुठे आहे?" कागद घरात कोणी पाहिलेलाच नव्हता. नक्कल काढली तेव्हा कळले की, रोख भरायची नव्हतीच. १५ हजारांची ऐपत असलेला एक जामीनदार हवा होता. पण असा माणूस आमच्या वस्तीतून आणायचा कुठून? खोल्या भाड्याच्या, नोकऱ्या कंत्राटी, पगाराची चिठ्ठी कोणाकडे नाही. मावशींच्या भावाची गावी दोन एकर जमीन आहे, पण ती दुसऱ्या जिल्ह्यात. वकील म्हणाले, परजिल्ह्यातला जामीनदार चालायचा नाही.

इथे त्या मुलीला वर्गात शिकलेला एक निकाल आठवला. मोतीराम नावाचा गवंडी होता, मध्य प्रदेशातला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण खालच्या कोर्टाने १० हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावालाही नाकारले. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चूक ठरवून त्याला एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडावयास सांगितले. "परीक्षेत हा निकाल मी लिहिला होता सर, पण हा माणूस आपल्याच गल्लीत राहतो हे मला माहीत नव्हते," असे ती म्हणाली.

निकाल १९७८ चा आणि आमची मावशी आज मणी गहाण टाकते आहे! २०२२ अखेर देशातील दर चार कैद्यांपैकी जवळजवळ तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकते. पण अधीक्षकाने कळवले की नाही, हे विचारणारा कोणी असावा लागतो.

विद्यार्थ्याला कोर्टात उभे राहता येत नाही; सनद असलेल्या वकिलालाच तो अधिकार. म्हणून मुलांनी मावशींना प्राधिकरणाच्या कचेरीत नेले. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना, कोठडीतील माणसाला आणि अनुसूचित जातींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या यादीत १९९० च्या दुरुस्तीने स्थान आहे. ही गोष्ट आपण आपल्या घरात सांगतो का?

तिथे आमच्यातल्या कारकुनाचा उपयोग झाला. मुले अर्ज नुसता देऊन परत येत होती. आम्ही त्यांना शिकवले, "पोच घ्या. शिक्का, तारीख, सही. ती नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजा." आता त्या खोलीत एक आवक-जावक रजिस्टर आहे, आणि ते मुले आमच्यापेक्षा नीट ठेवतात.

जामिनाच्या हुकमापासून सेहेचाळिसाव्या दिवशी मुलगा जातमुचलक्यावर बाहेर आला. मार्केटातली त्याची जागा मात्र दुसऱ्याला गेली होती. मणी मावशींनी सोडवून आणले.

एक तक्रार आहे. नियमानुसार वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त काम धरत नाहीत. मुलांचे प्रमाणपत्र होते, मावशींचा खटला चालूच राहतो. काही मुले नंतर फिरकत नाहीत, त्यांना दोष देत नाही. त्यांनाही परीक्षा आहेत. पण महाविद्यालयाने पुढच्या तुकडीकडे प्रत्येक कागद सोपवला पाहिजे, असे आम्ही प्राध्यापकांना दोनदा लिहून कळवले. पोच आमच्याकडे आहे.

बाबासाहेब १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आपल्या वस्तीतील दहावी-बारावीच्या मुलींनी त्या टेबलाजवळ बसून नुसते ऐकले तरी चालेल. एक यायला लागलीही आहे, ती रजिस्टरात आकडे घालते.

येणाऱ्यांनी घरातील कोर्टाचा प्रत्येक कागद आणावा, फाटका असला तरी. रविवारपर्यंत थांबता येत नसेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.