शिवराई

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, हातात घेतली की आधी तिचं वजन जाणवतं. साधारण ११ ते १३ ग्रॅम तांबं, कडा वेड्यावाकड्या. एका अंगाला तीन ओळींत श्री, राजा, शिव. दुसऱ्या अंगाला छत्र आणि पति. ठसा चकतीहून मोठा, म्हणून सगळी अक्षरं एकाच नाण्यावर क्वचितच मावतात. कुठे 'छ' कापला जातो, कुठे 'श्री' अर्धीच उरते. मला ती अशीच आवडते: घाईची, कामाची, नटायला सवड नसलेली.

प्राचीन ग्रीक शहरं आपल्या कांस्य नाण्यांवर आपलं दैवत किंवा खूण कोरत, आणि ते नाणं बहुधा आपल्याच बाजारात फिरे. शिवराईवर ना देव, ना राजाचा चेहरा. नुसत्या अक्षरांच्या बळावर ती दूरवर चालली.

तिच्या स्वभावाचा उगम शोधताना मला हुबळी आठवते. १६७३ साली मराठी फौजेनं ही श्रीमंत पेठ लुटली, त्यात इंग्रजांची वखारही सापडली. पुढच्या वर्षी तहाच्या बोलणीसाठी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. ६ जून १६७४ चा महाराजांचा राज्याभिषेक त्यानं पाहिला. तहासाठी आणलेल्या कलमांत एक मागणी अशी होती, की इंग्रजांचं नाणं स्वराज्यात चालावं. महाराजांकडून उत्तर आलं ते असं: आम्ही कुठल्याच नाण्याला मनाई करत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान, ते नाणं घ्यायची सक्तीही करणार नाही. धातू चांगला आणि वजन पुरेसं असेल, तर खुशाल चालवा. किती रोखठोक आणि किती रयतेच्या बाजूचं हे उत्तर! शिवराई त्याच विचाराची लेक.

महाराजांमागे शंभराहून अधिक वर्षं ती पडतच राहिली. पेशवाईत मधल्या दोन रेघांमुळे 'दुदांडी' म्हणवली, पण नाव शिवरायांचंच राहिलं. कुठे 'शिव'चा 'सिव' झाला, तरी कुणी ती परत केली नाही. लढाईच्या छावणीतही तिची गरज होतीच. १७९१ मध्ये मराठा सरदार परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रज तुकडीच्या मदतीनं टिपूकडून धारवाडचा किल्ला घेतला, तो महिनोन्महिन्यांच्या वेढ्यानंतर. एवढ्या मोठ्या छावणीचा बाजार रोज भरायचा, आणि मीठ-मिरचीच्या व्यवहारात तांब्याच्या पैशाशिवाय पान हलत नसे. इतिहास तहातल्या लाखांचे आकडे लिहून ठेवतो. हा चिल्लर हिशेब मात्र शिवराईनंच सांभाळला.

पेशवाई बुडाली, धारवाड ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. १८३५ पासून कंपनीची एकसारखी, यंत्रावर पाडलेली नाणी आली. तरीही मुंबई इलाख्याच्या बाजारांत एकोणिसावं शतक सरत येईपर्यंत लोक शिवराई घेत होते, देत होते.