पानिपतचे देणे

मराठी भाषेत ‘पानिपत’ हे केवळ एका गावाचे नाव राहिलेले नाही. तो एक वाक्प्रचार होऊन बसला आहे. नाटक पडले, निवडणुकीत अनामत जप्त झाली, की पानिपत झाले, असे आपण सहज म्हणून जातो. दिल्लीकर मराठी मंडळींना तर हे गाव अवघ्या नव्वद किलोमीटरांवर. संक्रांतीच्या दिवशी आम्ही काला आंब येथील स्मारकापुढे उभे राहतो, १७६१ सालच्या त्या दिवसाचे स्मरण करतो आणि दिल्लीची वाट धरतो. रणभूमी पाहिली जाते; गाव बाजूलाच राहते.

त्या गावात बू अली शाह कलंदरांचा दर्गा आहे आणि त्याच्याच आवारात गालिबचे शिष्य व चरित्रकार मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांची कबर आहे. हाली १९१४ साली निवर्तले. त्याच वर्षी ७ जून रोजी पानिपतातच त्यांचा पणतू जन्मास आला. चित्रपटदिग्दर्शक, कथाकार आणि पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास ते हेच. काला आंबपुढे शोक करून परतणाऱ्या मराठी माणसाने ह्या पानिपतकराचेही स्मरण करावे, असे आम्हांस वाटते; आणि त्यास कारणही तसेच आहे.

अलीगढ विद्यापीठातून बाहेर पडून अब्बास मुंबईस आले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये ते चित्रपटांवर परखडपणे लिहीत. ज्याने दुसऱ्यांची चित्रे तपासली त्याने स्वतःही ते धाडस करून पाहावे, हे ओघानेच आले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरील ‘धरती के लाल’ हे त्यांनी दिग्दर्शिलेले पहिले चित्र १९४६ साली इप्टा ह्या नाट्यसंस्थेने काढले. त्याच वर्षी त्यांच्या लेखणीतून उतरलेल्या ‘नीचा नगर’ला कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकात वाटा मिळाला.

आणि त्याच वर्षी व्ही. शांताराम यांचे ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पडद्यावर आले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले. चौघे परतले, कोटणिसांनी मात्र ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच देह ठेवला. त्यांच्यावर पुस्तक लिहिले ते अब्बासांनी, आणि चित्रपटाची पटकथा रचली तीही त्यांनीच, आपले मराठी सहकारी वसंत साठे यांच्यासह. ‘आवारा’ची कथाही ह्याच जोडीची. सोलापूरच्या एका सुपुत्राची कीर्ती देशभर पोहोचली, त्यात पानिपतच्या सुपुत्राच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. १७६१ च्या हिशेबात ही जमेची बाजू कोणी मांडली आहे काय?

पुढे १९४७ साल उजाडले. फाळणीच्या वणव्यात पानिपतातील जवळजवळ सगळी मुसलमान वस्ती उठली. अब्बासांच्या कुटुंबासही पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडावे लागले. म्हणजे ह्या माणसाचे स्वतःचे असे एक पानिपत झाले होते. अशा प्रसंगी माणसाने कडवट व्हावे, हे स्वाभाविकच. परंतु अब्बास मुंबईतच राहिले आणि आयुष्यभर ‘सगळे मिळून एक’ हेच सांगत राहिले. गोव्याच्या मुक्तिलढ्यावरील ‘सात हिंदुस्तानी’ (१९६९) मध्ये त्यांनी मुद्दाम बंगाली नटास पंजाबी केले, मल्याळी नटास बंगाली केले, आणि मराठी गड्याची भूमिका जलाल आगा यांस दिली. त्याच चित्रातून अमिताभ बच्चन प्रथम पडद्यावर आले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पात्रयोजनेमागचा हेतू मात्र फारच थोड्यांच्या ध्यानी राहिला.

अब्बासांच्या चित्रांत दोष नव्हते असे नव्हे. विचार सांगण्याच्या भरात त्यांचा दिग्दर्शक कधी कधी वक्ता होई, आणि प्रेक्षक कंटाळे. राज कपूर यांच्यासाठी लिहिलेली चित्रे गाजत. स्वतःची काढलेली बहुधा गल्ल्यावर बसत. एकीकडे मिळवावे आणि दुसरीकडे ओतावे, असा त्यांचा संसार. एकही गाणे नसलेला ‘मुन्ना’ १९५४ साली काढण्यास छातीच लागते. ‘शहर और सपना’ने १९६३ चे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविले, तेवढाच काय तो विसावा. साप्ताहिक स्तंभलेखन मात्र १ जून १९८७ रोजी मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षांहून अधिक काळ, चालू राहिले.

पराभवाची आठवण राखणे हे आमचे कर्तव्यच आहे. जे रणात पडले त्यांचे ऋण फिटणारे नव्हे. परंतु आठवण राखणे निराळे आणि तिच्यातच कोंडून घेणे निराळे. ज्याचे गाव सुटले, त्याने दुसऱ्यांच्या गावची माणसे आपली मानली. पानिपतने आमच्याकडून पुष्कळ घेतले, हे खरे. त्याने आम्हांस जे दिले, तेही आमच्या वहीत नोंदले जावे.