रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मी फाईल उघडून 2014 चा रिपोर्ट पुढं केला. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, हे निदान त्या साली नांदेडला झालं होतं. "निदानाचं नाही विचारत. संडासात रक्त पहिल्यांदा कधी दिसलं?"

आठवावं लागलं. 2012, दुष्काळाचं साल. विहिरीनं तळ गाठला होता आणि मी दिवसातून आठ-दहा वेळा डबा घेऊन रानात पळत होतो. दीड-दोन वर्षं मूळव्याध समजून पुड्या खाल्ल्या. ती वर्षं मी वाया गेली म्हणून सोडून दिली होती, डॉक्टरांनी मात्र हिशेबात धरली. सूज आतड्यात बरीच वरपर्यंत गेलेली असेल, तर त्रास सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी पूर्ण आतडं दुर्बिणीनं तपासायचं आणि पुढं धोका पाहून एक ते पाच वर्षांनी परत. सूज जितकी जुनी तितका कॅन्सरचा धोका वाढतो. बहुतेकांना तो होत नाही, पण कुणाला होणार हे बाहेरून कळत नाही.

माझी आठ वर्षं 2020 लाच भरली होती. लॉकडाऊनमध्ये ते साल गेलं. 2021 च्या फेब्रुवारीत तारीख मिळाली, ऐन हळद शिजवायच्या दिवसांत. आमच्या आखाडा बाळापुरात त्या दिवसांत कामाला माणूस सापडत नाही. आई म्हणाली, "बरं चाललंय की रे बाबा. कामून उकरून काढायलास?" आणि खरंच मला काही होत नव्हतं. मेसालामाईनची गोळी रोज चालू होती, रक्त बंद होतं. पण ही तपासणी बरं असतानाच करायची असते. सूज ताजी असली की सुजेमुळं बदललेल्या पेशी कोणत्या आणि कॅन्सरकडं निघालेल्या कोणत्या, हे आतड्याचा तुकडा तपासणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही.

दोन दिवस भाकरी बंद, पालेभाजी बंद, बियांचं काही नाही. नुसता भात आणि वरणाचं पाणी. पोट साफ करायचं औषध पिऊन बाळापूरहून एसटीत बसणं शक्यच नव्हतं, म्हणून आदल्या दिवशीच नांदेडला मेव्हण्याकडं मुक्काम केला. दोन लिटर पाण्यात कालवलेलं ते खारट-लिंबू चवीचं औषध निम्मं रात्री, निम्मं पहाटे प्यायचं. शेवटी पिवळसर पाणीच पडायला लागलं आणि मला वाटलं, झालं.

झालं नव्हतं. दुर्बीण आत गेली आणि पडद्यावर तपकिरी, चकचकीत दाणे दिसले. जवस. आदल्या दिवशी कोरडा भात उतरेना म्हणून आईनं दिलेली चिमूटभर चटणी मी तोंडी लावली होती. दाणे नळीत अडकत होते. पंधरा दिवसांनी परत बोलावलं. पुन्हा ते दोन लिटर. मला रडू आलं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या खेपेला झोपेचं इंजेक्शन नको म्हणालो. आतडं स्वच्छ गुलाबी दिसत होतं. मग डॉक्टरांनी आत निळा रंग फवारला. या आजारातला कॅन्सर बऱ्याचदा देठाच्या गाठीसारखा वर येत नाही, आतड्याच्या अस्तरातच सपाट पसरतो आणि साध्या उजेडात नजरेतून सुटतो. निळा रंग बारीक खाचांत उतरला आणि सगळी नक्षी उठून दिसली. हळद काढताना हाताच्या भेगांत पिवळा रंग भरतो आणि एरवी न दिसणारी रेघन्‌रेघ दिसते, अगदी तसं. तुकडे घेताना दुखलं नाही, नुसती ओढ जाणवली.

रिपोर्टची वाट पाहायचे दिवस मात्र जड गेले. हळद वाळवायला पसरायचो आणि तिथंच बसून राहायचो. रिपोर्ट चांगला आला. 2024 ची तपासणीही चांगली निघाली. त्या दिवशी परतताना वारंगा फाट्यावर खिचडी खाल्ली, अगदी पोटभर. पुढची तारीख 2027 ची आहे.

यंदा अडतीवर शेजारच्या रानातला एक तरुण पोरगा भेटला. महिनोन्‌महिने मूळव्याधीचं औषध घेतोय म्हणाला, उतार नाही. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, रक्त पहिल्यांदा कधी दिसलं? तो विचारात पडला. मग म्हणाला, "सोयाबीन काढायच्या आधी, काका." मी ते त्याच्याच हळदीच्या पट्टीमागं लिहून दिलं आणि खाली नांदेडच्या डॉक्टरांचा नंबर.