आगोट

मंडळी, जून लागला की मला सुक्या बोंबलाचे डोहाळे लागतात. या वयात डोहाळे म्हणजे जरा अतीच झालं, पण दुसरा शब्द सुचत नाही. चार रात्री झाल्या, झोपेत सारखा तोच वास. चुलीतले निखारे पुढे ओढून आई त्यावर बोंबील टाकते आहे, त्याची शेपटी आधी वळते, मग कडा काळ्या पडतात... आणि मग जाग येते ती डंडीला, लेकीच्या घरी, स्कॉटलंडात. पहाटेचे चार वाजलेले आणि बाहेर लख्ख उजेड!

आमचं गाव रेवदंड्याजवळ. पावसाआधीच्या बेगमीला आमच्याकडे आगोट म्हणतात. मिरच्या, हळद, कडधान्य, लाकडं आणि सगळ्यात महत्त्वाची सुकी मासळी. एक जून ते एकतीस जुलै होड्या बंद, मग दोन महिने जेवणाला चव कशानं आणायची? सुकट, जवळा, सोडे, वाकट्या, खारे बांगडे आणि बोंबील. आई बोंबलांना कडक ऊन दाखवून पत्र्याच्या डब्यात भरायची आणि झाकणाला फडकं बांधायची. बाहेर धो धो पाऊस, आत कालवणात बटाटा, आमसूल आणि बोंबलाचे तुकडे. भाजी नसली तर बोंबील भाजून लसूण-मिरची-खोबऱ्याबरोबर पाट्यावर वाटायचे. वर गरम तांदळाची भाकरी. बस्स.

ताजा बोंबील म्हणजे निव्वळ पाणी हो! हातात धरला तर ओघळतो. तोच उन्हा-वाऱ्यात वाळला की काडीसारखा कडकडीत होतो. किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात, त्यावर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगतात. लहानपणी मला ते भांडताहेत असं वाटायचं. आमची आजी म्हणायची, भांडत नाहीत गं, एकमेकांना धरून आहेत.

साहेबानं याला ‘बॉम्बे डक’ म्हटलं. मुंबईच्या डाकगाडीतून जायचा, गाडीला वास यायचा, म्हणून डाकचं डक झालं अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण आपल्याकडे पहिली आगगाडी धावली १८५३ साली आणि हे नाव इंग्रजी छापील मजकुरात १८१५पासूनच सापडतं. (मास्तरकी जात नाही अंगातून, काय करणार.) विलायतेत तो पूर्वी टनावारी खपत असे. १९९७ साली युरोपीय संघानं बंदी घातली. त्यांचा नियम असा की हिंदुस्थानातली मासळी यायची तर मान्यताप्राप्त कारखान्यातूनच, आणि बोंबील तर वाळतो किनाऱ्यावर, दोरीवर! पुढे खटपटी होऊन नियम सैलावला. वाळवा उघड्यावर, पण बांधणी मान्य केलेल्या ठिकाणी करा. तेव्हापासून परत मिळतो म्हणे. आमच्या जवळच्या देशी दुकानात मात्र विचारलं तर त्या पोरानं मला गोठवलेले पराठे दाखवले.

आता तुम्ही म्हणाल, बाई, येताना घेऊन का नाही आलात? तिथेच तर गोम आहे.

पहिल्यांदा इथे आले २०१२ साली. तेव्हा आणले होते. तीन पिशव्यांत गुंडाळून, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर माझं जुनं लुगडं. लेक राहते ती जुनी दगडी इमारत, चाळच म्हणा ना. एकच जिना, आठ बिऱ्हाडं. लेक कामावर गेल्यावर मी गॅसवर जाळी ठेवली आणि चार बोंबील टाकले. मिनिटभरात छतावरचा धुराचा भोंगा असा किंचाळला की माझ्या हातातला चिमटाच पडला. टेबलावर चढून टॉवेलनं वारा घातला (तेव्हा चढवत होतं). संध्याकाळी लेक आली ती जिन्यातूनच नाक मुरडत. बाहेर बर्फ आणि हिनं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. रागावली नाही. दारामागे टांगलेला आपला कोट उचलून हुंगला आणि हळूच म्हणाली, “आई, उद्या मला ऑफिसात हाच घालायचाय गं.”

त्यानंतर मी कधी आणले नाहीत.

मला तेव्हा राग आला होता. साहेबाच्या देशात येऊन पोरगी आपलंच खाणं विसरली, असं मी आमच्या ह्यांना फोनवर सांगितलंसुद्धा. ते नुसते ‘हं’ म्हणाले. हे ‘हं’ म्हणाले की समजावं, काहीतरी आठवून गप्प बसलेत.

काय आठवलं असेल ते मला ठाऊक होतं. १९७५ साली लग्न होऊन पुण्यात बिऱ्हाड केलं, तेव्हा घरमालकांनी किल्ली देतानाच सांगितलं होतं, “मासळी सोडा, अंडंसुद्धा चालणार नाही.” आठ वर्षं आम्ही तिथे राहिलो. आपलं घर झाल्यावरही बोंबील भाजायचे ते खिडक्या लावून, देवापुढे दोन उदबत्त्या जास्तीच्या लावून. पोरगी चौथीत, मी शिकवत होते त्याच शाळेत. एका पावसाळ्यात गावाहून आई आली होती. तिनं नातीच्या डब्यात भाकरी आणि बोंबलाची चटणी दिली. मधल्या सुट्टीत मुलींनी नाकं धरली, बाकं लांब सरकवली. पोरगी रडत शिक्षकांच्या खोलीत माझ्याकडे आली. एक बाई म्हणाल्या, “अहो, मुलीला असलं काही शाळेत देऊ नये.” मी काय करायला हवं होतं? निदान वर्गात जाऊन त्या मुलींना चार शब्द सुनवायचे होते. वर्गशिक्षिका नसले तरी बाई होते ना मी त्यांची! मी मुलीचे डोळे पुसले, डबा माझ्या पिशवीत लपवला आणि तिला सांगितलं, “आपण घरी काय खातो ते शाळेत सांगायचं नाही.” दुसऱ्या दिवसापासून तूप-साखर-पोळी. आईला सांगितलं की तिला तिखट लागलं.

असो.

यंदाच्या जूनची गोष्ट. एका दुपारी जिन्यातून धुराचा आणि मासळीचा वास वर आला. मी भाजी चिरत होते, तशीच सुरी हातात घेऊन दारात उभी राहिले. वास खालच्या मजल्यावरच्या आजींकडचा. त्या ऐंशीच्या पुढच्या, आमची ओळख हसण्यापुरती. (सुरी ठेवून) खाली गेले, दार वाजवलं आणि माझ्या मराठी माध्यमाच्या इंग्रजीत विचारलं, “फिश?” त्यांनी हाताला धरून आत नेलं. ताटलीत सोनेरी-तपकिरी हॅडॉक मासा, वर लोण्याचा गोळा. त्याला म्हणतात आरब्रोथ स्मोकी. आजी लग्नानंतर वीसेक वर्षं कॅनडात होत्या. सांगत होत्या, तिथे धुरावलेली मासळी ढीग मिळायची, पण ही नाही. पहिलं बाळंतपण झालं तेव्हा नर्सनं विचारलं काय खाणार, तर ह्यांनी स्मोकी मागितली आणि रडायला लागल्या. नर्सला वाटलं सिगारेट मागतायत!

पुढच्या शनिवारी त्या मला आरब्रोथला घेऊन गेल्या. आगगाडीनं वीसेक मिनिटं, उजव्या हाताला सगळा समुद्र. धुरी देण्याच्या जागी जाऊन पाहिलं आणि मी हसायलाच लागले. हॅडॉकची डोकी काढून, मीठ लावून, दोन-दोन मासे शेपटीला शेपटी बांधून आडव्या काठीवर टांगलेले. जोडीनं! खाली पिंपात लाकडाचा जाळ, वर ओली गोणपाटं झाकलेली. तासाभराच्या आत मासा शिजतो आणि धुरावतोही. गोणपाट पाहून डंडीच्या तागाच्या गिरण्या आठवल्या. बंगालचा ताग इथे यायचा, भूगोलाच्या तासाला घोकला होता. आजी म्हणाल्या, ही मूळची ऑकमिथी नावाच्या शेजारच्या कोळीवाड्याची रीत. तिथल्या बायका नवऱ्यांचे पाय भिजू नयेत म्हणून त्यांना पाठीवर घेऊन होडीपर्यंत पोचवायच्या. आमच्या गावच्या कोळिणींनी नवऱ्याला पाण्यात ढकललं असतं. २००४ साली या माशाला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं. आरब्रोथच्या आठ किलोमीटरच्या आत केला तरच ती स्मोकी. आमच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मिळालंय, तसंच काहीसं.

कागदात घेऊन बंदरावर बसून बोटांनी खाल्ली. गरम, रसदार, आत मोत्यासारखी पांढरी. छानच होती. पण खरं सांगू? निम्मी खाल्ली आणि बोंबलाची आठवण आणखीच चाळवली. आजींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मलाही कॅनडात दुसऱ्या माशानं असंच व्हायचं.

घरी आले. लेकीनं दार उघडलं आणि थबकली. माझ्या शालीला, केसांना, सगळ्याला धुराचा वास. मी म्हटलं, “थांब, बाहेरच झटकते.” ती म्हणाली, “नको.” मग कितीतरी वेळ काही बोलली नाही. जेवणं झाल्यावर गाडीची किल्ली घेऊन खाली गेली आणि डिकीतून घट्ट झाकणाची बरणी घेऊन आली. आत बोंबील!

लंडनला कामाला गेली की टूटिंगच्या एका दुकानातून आणते म्हणे. किती वर्षं? “झाली सात-आठ.” घरात आणत नाही. शेजारी गावाला गेले की मागच्या अंगणात शेगडीवर भाजून उभ्या उभ्या खाते. मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?” तर हसून म्हणाली, “तूच तर शिकवलंस, सांगायचं नाही.”

ती सहज म्हणाली. मी लसूण सोलायला घेतला. चौथीतला तो डबा तिला आठवतो का, हे विचारायचं होतं. तोंडून शब्द निघाला नाही. मग सोलता सोलताच म्हटलं, “त्या दिवशी मी वर्गात यायला हवं होतं.” तिनं मान वर न करता विचारलं, “कुठल्या?” आणि लगेच, “हं. यायला हवं होतंस.” अगदी बापासारखं हं.

अंगणात उजेड होता, साडेनऊ वाजले होते तरी. शेगडी पेटवली, खालच्या आजींनाही हाक मारली. चटणीला पाटा नव्हता, खलबत्त्यावर भागवलं. आजींनी नखाएवढी चटणी जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं, ग्लासभर पाणी प्यायल्या आणि परत हात पुढे केला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं खिडकी उघडली, खाली पाहिलं, आणि पुन्हा लावून घेतली. लावू दे बापडा.

मीठ मात्र अंमळ जास्त पडलं. बोंबील मुळातच खारट असतात हे मी इतक्या वर्षांत विसरून गेले होते.