पायाखालचा हिशेब

आमच्या कोल्हापूरच्या घरात आईच्या खोलीतील शहाबादी फरशी पावसाळ्यात गार पडते आणि तिचे गुडघे आखडतात. म्हणून त्या फरशीवर लाकडी जमीन करावयाचे ठरले. सुताराने सागवान सुचविले, मुलाने लॅमिनेट.

लॅमिनेट म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली पाटी, वर लाकडाचे छापील चित्र आणि त्यावर पारदर्शक कठीण थर. त्यास चरा पडला तर रंधा मारता येत नाही. सांध्यात पाणी मुरले की कडा फुगतात. सागवानी फळी मात्र पुनःपुन्हा घासून नवी करता येते. बँकेत 36 वर्षे घसारा मांडलेला मी. 30 वर्षांचा तक्ता केला. सागवान स्वस्त ठरले. (पॉलिशचा खर्च मी धरलाच नव्हता, हे पत्नीने दाखवून दिले.)

आईने विचारले, "सुतार किती दिवस लावील?"

"पंधरा दिवस. तोवर तू माडीवर..."

"जिना मला चढवत नाही रे. आणि तीस वर्षे त्यावर चालणार कोण?"

तक्ता मी घडी करून खिशात ठेवला. लॅमिनेट एका दिवसात बसले. खोली रोज ओल्या फडक्याने पुसून घेण्याचा शिरस्ता आईने मोडला नाही. पहिल्याच श्रावणात दाराजवळची पट्टी फुगली. तिच्यावर मी पायपुसणे टाकले आहे.