गाडीची फुंकणी



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, गॅरेजमधला आहे. पण बिल घरातूनच भरायचं असतं आणि गाडीत बसतात तीही घरचीच माणसं. म्हणून टर्बो बिघडला म्हणजे काय होतं आणि दुरुस्तीला होकार देण्याआधी काय बघायचं, ते लिहिते.

चुलीवर स्वयंपाक केलेल्यांना टर्बो लगेच कळेल. लाकडं तितकीच, पण फुंकणीने वारा घातला की जाळ वाढतो. टर्बो ही इंजिनाची फुंकणी. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक छोटं चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल कमी पडलं की बेअरिंग झिजलंच म्हणून समजा.

आमची आठ वर्षांची डिझेल गाडी. पुण्याहून सांगलीला येताना खंबाटकी घाटात तिचा पिकअपच गेला. ह्यांनी कितीही पाय दाबला तरी गाडी ओढेना. पुढच्या दोन-चार दिवसांत वेग घेताना बारीक शिट्टी वाजायला लागली, मागे निळसर धूर आणि ऑइलची पातळीही खाली.

पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं, आवाज ऐकला आणि नवा टर्बो सांगितला. मजुरीसह ६२ हजार. मी विचारलं, "पण तो गेला कशामुळे?" उत्तर आलं, "काकू, जुनी गाडी आहे, जातोच." मी कॉमर्सची. कारण लिहिलेलं नसेल त्या व्हाउचरवर माझी सही होत नाही. कारण न शोधता नवा टर्बो बसवणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

दुसरा मेकॅनिक भाच्याच्या ओळखीचा. त्याने स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात केली. एअर फिल्टर तुंबलाय का, टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप कुठे फाटलाय का, क्लिपा सैल आहेत का. नुसता काळा धूर असता तर संशय आधी इथेच जातो, आणि कधी कधी एका पाइपवर काम भागतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. स्कॅनर लावल्यावर हवेचा दाब कमी आहे एवढं कळलं. तो का कमी, हे स्कॅनर सांगत नाही.

मग गाडी थंड झाल्यावर त्याने हवेचा पाइप काढला आणि दांडा बोटांनी हलवून दाखवला. आजूबाजूला किंचित हलला तर चालतो, पण पुढे-मागे सरकायला नको आणि पाती कडेला घासायला नकोत. आमची घासत होती. टर्बो खराब झाला होता हे खरंच. पण तो तिथे थांबला नाही. टर्बोला ऑइल पुरवणारी बारीक नळी त्याने सोडवली. ती तापलेल्या भागाजवळून जाते. आत ऑइल जळून काळा थर बसला होता, जेमतेम सुई जाईल इतकीच वाट उरली होती. हेच मूळ कारण. नवा टर्बो त्याच नळीवर बसवला असता तर तोही ऑइलविना झिजला असता.

यात पैशांहून मोठा धोका आहे. डिझेल गाडीत टर्बोतून गळलेलं ऑइल इंजिन इंधनासारखं ओढून घेऊ शकतं. मग चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, वेग वाढतच जातो. त्याच आठवड्यात ह्यांना कऱ्हाडहून सूनबाई आणि नातवाला आणायचं होतं. "एवढं काय, जवळच तर आहे," ह्यांचं म्हणणं. मी चावी कपाटात ठेवली. दोघं एसटीने आली.

दुरुस्तीत टर्बोचा मधला गाभा, ज्याला मेकॅनिक कोअर म्हणतात, तो बदलला. बाहेरचं कवच चांगलं होतं, तेच ठेवलं. ऑइलची नळी नवी, ऑइल आणि फिल्टर नवे, इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल धुऊन काढलं. इंजिन सुरू करण्याआधी टर्बोत ऑइल भरलं, म्हणजे पहिल्या फेऱ्यालाच तो कोरडा फिरत नाही. एकूण खर्च २७,५०० रुपये.

तुमच्यावर ही वेळ आली तर तीन गोष्टी विचारा. पाइप आणि क्लिपा तपासल्या का? दांडा हलवून बघितला का? ऑइल येणारी आणि परत जाणारी, दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत का? एरवी पुस्तिकेत सांगितलेलं ऑइल वेळेवर बदला. घाट चढून किंवा हायवेवर जोरात येऊन थांबलात तर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा, मग बंद करा. टर्बो गरम असताना ऑइल थांबलं की ते आतच जळतं.

आणि काढलेले जुने भाग मागून घ्या. आमची ती काळी नळी मी बिलाबरोबर फाइलला लावून ठेवली आहे.